कडेच्या थडग्यांसाठी एक शब्द

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लायब्ररीत एक उपक्रम चालतो. ज्यांची नजर गेली आहे किंवा जाते आहे, त्यांच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवायचं. मी नाव दिलं तेव्हा वाटलं होतं, वर्तमानपत्र वाचायला लागेल, फार तर एखादी कादंबरी. नागपूरला मी शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवत असे. इथे आल्यावर नवऱ्याच्या व्हिसावर 'डिपेंडंट' म्हणून बरीच वर्षं गेली, मग ग्रीन कार्ड आलं, मुलगी कॉलेजात गेली, आणि दुपारी घर इतकं शांत व्हायला लागलं की डिशवॉशरच्या आवाजाचीही सोबत वाटायची. इंग्रजी मी चांगलं वाचते, पण माझे उच्चार नागपूरचे. ते मी लायब्ररीतल्या बाईंना आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, जिच्याकडे तुम्हाला पाठवतेय तिला वेगवेगळे उच्चार ऐकायला फार आवडतात.

ती म्हणजे एक निवृत्त प्राध्यापिका. कृष्णवर्णीय, वयाने ऐंशीच्या पुढे, उंच, ताठ बसणारी. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवलेली. तिच्या डोळ्यांना मधलं काही दिसत नसे, कडेकडेचं तेवढं दिसे. त्यामुळे ती बोलताना माझ्याकडे न बघता जरा बाजूला बघायची, आणि तसं बघतानाच मी तिला दिसायचे. नागपूरला शिक्षिकेला बाई म्हणतात. मीही मनातल्या मनात त्यांना बाई म्हणायला लागले, आणि एक दिवस तोंडातूनच निघून गेलं. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. त्या म्हणाल्या, मग तसंच म्हणा.

पहिल्याच दुपारी त्यांनी मला दिवाणखान्यातल्या लांबलचक फळीपाशी नेलं. तिथे एका मोठ्या ऐतिहासिक शब्दकोशाचे जाडजूड खंड ओळीने लावलेले होते. प्रत्येक शब्द पहिल्यांदा कुठे सापडला, कोणत्या भाषेतून आला, शतकाशतकात त्याचा अर्थ कसा सरकत गेला, हे सगळं त्यात बारीक टाइपात छापलेलं. कॉम्प्युटरचा यांत्रिक आवाज त्यांनी वापरून पाहिला होता; जुन्या इंग्रजीपाशी तो अडखळतो म्हणून त्यांना राग येई. मला कोश वाचून दाखवायचा होता, आणि तोही एकाच घराण्यातले शब्द निवडून: गुलाम, दास, सेवक, बंदा, मुक्त.

कारण असं होतं. गावात एक जुनं चर्च आहे आणि त्याच्या मागे दफनभूमी. आम्ही कित्येकदा तिच्यावरून गाडीने गेलो होतो, ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून सामान आणायला जाताना. पुढच्या भागात उंच झाडांखाली घडीव दगड आहेत, कोरीव अक्षरांचे. मागच्या कुंपणालगत मात्र नुसते अनघड दगड जमिनीत अर्धे रुतलेले आहेत. गावातल्या जुन्या लोकांना माहीत होतं की तिथे गुलाम पुरलेले आहेत. न्यू जर्सीत गुलामगिरी होती हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. ती दक्षिणेकडची गोष्ट अशी माझी समजूत. मध्यंतरी जमिनीखालचं दाखवणारं यंत्र तिथे फिरवलं, तेव्हा दगड होते त्याहून कितीतरी जास्त थडगी निघाली. मग समिती बसली, एक स्मारकशिला उभारायचं ठरलं, आणि तिच्यावर काय लिहायचं यावरून सगळं अडलं. समितीचा पहिला मसुदा होता: 'येथे या गावचे काही सेवक चिरविश्रांती घेत आहेत.' बाईंनी तो ऐकून एवढंच कळवलं होतं की मजकूर मी लिहीन, मला थोडा वेळ द्या.

"दगडावर एकदा कोरलं की खोडता येत नाही," त्या मला म्हणाल्या. "त्याआधी मला सगळे शब्द एकदा ऐकायचे आहेत."

आणि आम्ही सुरुवात केली.

मला कल्पना नव्हती मी कशात शिरते आहे. इंग्रजी माझ्यासाठी ऑफिसची, बँकेची, डॉक्टरांच्या वेटिंग रूमची भाषा होती. तिला इतकं खोल तळघर असेल असं कधी मनात आलं नव्हतं. पहिला शब्द 'थ्रॉल'. उत्तरेकडच्या समुद्री चाच्यांच्या भाषेतून आलेला, अर्थ गुलाम. तो शब्द मेला, पण एक नातेवाईक मागे ठेवून गेला: गाणं ऐकून मंत्रमुग्ध झालो हे सांगायला इंग्रजीत आजही 'एन्थ्रॉल' म्हणतात, म्हणजे शब्दशः, गाण्याने गुलाम केलं. दुसरा शब्द जुन्या इंग्रजीतला. त्याचा अर्थ परका, आणि परका म्हणजेच गुलाम. वेल्स या देशाचं इंग्रजी नाव त्यातूनच आलं, त्या लोकांच्या स्वतःच्याच भूमीत त्यांना परकं म्हणणारं. अक्रोडाला 'वॉलनट' म्हणतात तेही त्यातूनच, परक्यांचं फळ. मी त्या संध्याकाळी घरी येऊन शिऱ्यात अक्रोड घातले आणि हातातला तुकडा बघत उभी राहिले. नवरा म्हणाला, काय झालं, खराब निघाले का?

त्याला मी रोज जेवताना सांगू लागले. 'लॉर्ड' म्हणजे मुळात भाकरी राखणारा, 'लेडी' म्हणजे भाकरीचं पीठ मळणारी, आणि त्यांच्या पदरी असलेल्या माणसाला जुन्या इंग्रजीत म्हणत 'भाकरी खाणारा'. तो सॉफ्टवेअरमधला माणूस, त्याचं सगळं आयुष्य मीटिंगांत जातं. पण 'बॉस' शब्दाची हकिगत ऐकताना त्याने घास हातात धरून ठेवला. डच लोकांनी हा शब्द याच भागात आणला. इथल्या गोऱ्या मजुरांनी तो उचलला, कारण मालकाला 'मास्टर' म्हणायला त्यांना नको वाटे. 'मास्टर' गुलामांनी म्हणायचं. "म्हणजे मी दिवसभर हे बोलतो," तो म्हणाला, आणि मग तो घास खाल्ला.

मग आला तो मुख्य शब्द, 'स्लेव्ह'. मला वाटलं होतं त्याचा अर्थ काहीतरी साखळी, काहीतरी ओझं असा निघेल. तो निघाला एका लोकसमूहाचं नाव. पूर्व युरोपातले स्लाव लोक मध्ययुगात इतक्या मोठ्या संख्येने पकडून विकले गेले की त्यांचं नाव हाच गुलामाला शब्द झाला. आणि ते स्लाव स्वतःला तसं का म्हणवत? पुष्कळ अभ्यासकांचं मत असं की त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'शब्द'. आपण शब्द असलेली माणसं, एकमेकांचं बोलणं कळणारी माणसं. त्या शब्दाचं मूळ शोधत गेलं तर ते ऐकण्याच्या धातूशी जाऊन पोहोचतं. संस्कृतात 'श्रु'. श्रवण, श्रुती, कीर्तीला 'श्रवस्'.

मी वाचता वाचता थांबले. बाईंना मी 'श्रु'चं सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "हे मी वर्गात शिकवलं आहे. शिकवताना दर वेळी मला एक क्षण खाली बसावं लागे."

'फ्री' या शब्दाची दुपार मात्र मी विसरणार नाही. बाहेर पानगळ सुरू झाली होती, शेजारचा माणूस मशीनने पानं उडवत होता आणि त्या आवाजामुळे मला मोठ्याने वाचावं लागत होतं. व्युत्पत्तीच्या ओळीत एकामागून एक भाषा येत होत्या, गॉथिक, जर्मन, वेल्श. मी अडखळत वाचत होते. आणि ओळीच्या शेवटी, रोमन अक्षरांत, 'प्रिय'.

मी त्या शब्दावर बोट ठेवून थांबले. मशीनचा आवाजही नेमका तेव्हाच बंद पडला.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

"हा माझा शब्द आहे," मी म्हटलं.

"म्हणून दाखवा. मी हा शब्द कितीदा फळ्यावर लिहिला असेल. पण ज्याच्या रोजच्या तोंडात तो आहे अशा माणसाकडून कधी ऐकला नाही."

मी म्हटला. त्यांनी परत म्हणायला लावला. मग त्यांनी स्वतः म्हणून पाहिला, 'य' जरा लांबवत. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे पत्राची सुरुवात याच शब्दाने करतात, मुलींचं नावही ठेवतात, आणि माझ्या विद्यार्थ्यांनी निरोपाच्या दिवशी कार्डावर लिहिलेला हाच शब्द मी अजून जपून ठेवला आहे. त्या सावकाश समजावत होत्या, वर्गात समजावत असतील तशाच. फार पूर्वीच्या घरात दोन तऱ्हेची माणसं असत. जी जिव्हाळ्याची, रक्ताची, घराला प्रिय, ती एका बाजूला. जी विकत घेतलेली ती दुसऱ्या बाजूला. प्रिय असणं आणि मोकळं असणं ही वेगळी गोष्टच नव्हती. हळूहळू त्या शब्दातला जिव्हाळा झिजला आणि मोकळेपण तेवढं उरलं. आमच्या 'प्रिय'चं उलट झालं, मोकळेपण त्यात कधी आलंच नाही, जिव्हाळा राहिला.

त्या दिवशी आम्ही पुढचं काही वाचलं नाही. गाडी काढायच्या आधी मी किती तरी वेळ तशीच आत बसून होते. हजारो मैलांवरची, हजारो वर्षांपूर्वीची कुठली तरी माणसं एक शब्द बोलली होती. त्याचं एक टोक या देशाच्या प्रत्येक शाळेत रोज सकाळी झेंड्यापुढे छातीवर हात ठेवून म्हटल्या जाणाऱ्या शपथेतल्या स्वातंत्र्याच्या आसपास होतं, आणि दुसरं माझ्या कपाटातल्या एका कार्डावर.

पुढच्या भेटीत बाईंनी मला माझे शब्द विचारले. मी जरा टाळत होते. दास सांगितला. आमच्याकडे भक्त तो अभिमानाने स्वतःच्या नावाला जोडतात, हे ऐकून त्यांना नवल वाटलं. गुलाम सांगितला, तो अरबीतून आलेला आणि मुळात त्याचा अर्थ नुसता 'मुलगा'. त्यांनी मान हलवली. इथेही म्हाताऱ्या कृष्णवर्णीय माणसालासुद्धा 'बॉय' म्हणून हाक मारत, त्यांच्या वडिलांना मारलेली ती हाक त्यांनी ऐकली होती. मग मी बटीक सांगितला. माझी आई, मावशी, काकू, सगळ्या जणी कामाने वैतागल्या की म्हणत, मी काय तुमची बटीक आहे का? ऐकून सगळे हसत. खरोखरीच्या बटकी होत्या, त्यांना विकत घेतलं जाई, हे त्या वेळी कुणाच्या मनात नसायचं. आणि शेवटी कुणबीण. कुणब्याची बायको, शेतकरीण, एवढाच साधा अर्थ. पण पेशवाईत विकत घेतलेल्या बाईला हाच शब्द वापरत.

बाई एकदम पुढे झुकल्या. त्यांनी मला उठून 'बॉन्ड' शब्दाचा खंड काढायला लावला. उत्तरेकडच्या भाषेत त्याचा अर्थ होता घर-शेत असलेला माणूस, शेतकरी. इंग्लंडात येऊन काही शतकांत त्याचा अर्थ झाला जमिनीला जखडलेला, गुलाम. 'बॉन्डेज' त्यातूनच निघाला.

"दोन भाषा," बाई म्हणाल्या, "तोवर एकमेकींना भेटल्याही नव्हत्या, आणि दोघींनी शेतकऱ्याच्या शब्दाचं हेच केलं."

समितीचे अध्यक्ष त्यानंतर एका दुपारी घरी आले. निवृत्त दंतवैद्य, बाईंपेक्षा थोडे लहान, गावातल्या सर्वांत जुन्या घराण्यांपैकी एकातले. झाडाखालच्या घडीव दगडांवर त्यांचंच आडनाव पुन्हा पुन्हा आहे. शेतावरच्या दुकानातून सफरचंदाचे डोनट घेऊन आले होते. माणूस सभ्य होता. मला त्यांनी उठून खुर्ची दिली. त्यांचं म्हणणं असं की 'सेवक' हाच शब्द ठेवावा. त्यांच्या आजीच्या तोंडी तोच होता, त्यात मान आहे, आणि गावातल्या लोकांना तो सहज पचेल.

बाईंनी वाद घातला नाही. मला म्हणाल्या, 'सर्व्हंट' वाचा. मी वाचलं. चाकर, नोकर, देवाचा सेवक, आणि त्याखाली एक नोंद: उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींत गुलामाला सर्रास याच शब्दाने संबोधत. म्हणजे मालक घरात, चर्चमध्ये, पाहुण्यांसमोर 'स्लेव्ह' म्हणतच नसत. अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. मग बाईंनी पुढचं तोंडी सांगितलं. या राज्याने गुलामगिरी रद्द करण्याचा जो कायदा केला, त्याने उरलेल्या म्हाताऱ्या गुलामांना सोडलं नाही. त्यांचं फक्त नाव बदललं. त्यांना म्हटलं, 'आजन्म शिकाऊ'.

मला तेव्हा राहवलं नाही. मी म्हटलं, आमच्या भाषेत शिकाऊ माणसाला उमेदवार म्हणतात, आणि उमेद म्हणजे आशा. बाई हसल्या, पण ते हसू लगेच ओसरलं. "आजन्म आशा असलेला," त्या म्हणाल्या. "सत्तरीतल्या बाईला."

अध्यक्षांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "तुमचं कोणी आहे का तिथे?"

"माझ्या आजीची आजी," बाई म्हणाल्या. "कुठल्या दगडाखाली ते माहीत नाही. आजी मला कुंपणाबाहेरून दाखवायची. आम्ही आत जात नसू."

मी इतके आठवडे त्या घरात येत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्यांनी ते सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, जसा एखाद्या शब्दाचा अर्थ सांगतात. अध्यक्षांचा चेहरा पडला नाही, लालही झाला नाही. ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, तुमचा मसुदा ऐकवाल का? बाईंनी आपला नवा मसुदा तोंडी म्हटला. 'या कडेला जे पुरले आहेत ते या गावचे शेजारी होते. त्यांना गुलामगिरीत ठेवलं गेलं. त्यांची नावं जपली गेली नाहीत.'

अध्यक्षांनी 'शेजारी' का, असं विचारलं. बाईंनी सांगितलं की 'नेबर' म्हणजे जवळचा 'गेबूर', आणि गेबूर म्हणजे जमिनीवर राहणारा, कसणारा. जुन्या इंग्लंडच्या कायद्यात मालकाच्या जमिनीला बांधलेल्या कुळालाही गेबूरच म्हणत. त्या शब्दाच्या पोटात जखडलेला माणूस आहे आणि वरून तो आपल्या दाराशेजारी राहतो. "पण 'गुलामगिरी' काढणार नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं शेजारी म्हटलं तर ते खोटं होईल."

अध्यक्षांनी मसुदा स्वतःशी एकदा पुटपुटला. मग म्हणाले, "यात कोणी ठेवलं ते नाही."

मी शाळेत वर्षानुवर्षं कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवले आहेत. वाक्य फिरवून लिहा, असा प्रश्नच असतो. पण एक वाक्य कोणाच्या तोंडून फिरताना मी पहिल्यांदाच बघत होते. ते म्हणाले, "'आमच्या घराण्यांनी' असं लिहा. आणि शेवटचं, 'त्यांची नावं आम्ही जपली नाहीत'." बाईंनी त्यांच्या दिशेने हात पुढे केला, जरा चुकीच्या दिशेने, आणि त्यांनी उठून तो धरला.

समितीत ते सहज मंजूर झालं नाही. 'आमच्या' म्हणजे कोणाच्या, असं पुष्कळांनी विचारलं. एक सदस्या समिती सोडून गेल्या. अध्यक्षांनी शेवटी सांगितलं की दुसऱ्या कुणाला यात यायचं नसेल तर माझं एकट्याचं घराणं लिहा. मग हळूहळू बाकीची जुनी घराणी आली, सगळी नाही, पण 'आमच्या' म्हणण्याइतकी आली.

शिला बसवली तेव्हा वसंत होता, डॉगवुडची झाडं पांढरी झाली होती. नवरा सुट्टी घेऊन आला, मुलगी कॉलेजातून आली. पाथरवटाने अक्षरं खोल कोरली होती, बाईंनी तशी सूचनाच दिली होती. अध्यक्षांनी मजकूर वाचला. 'आमच्या'पाशी ते थांबले, श्वास घेतला आणि पुढे वाचलं. त्यानंतर बाई पुढे गेल्या आणि बोटांनी एकेक अक्षर चाचपत त्यांनी सगळा मजकूर वाचला, ओठ न हलवता. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "आई, आय हॅव नेव्हर सीन एनिवन रीड लाइक दॅट." मीही पाहिलं नव्हतं.

वाचून झाल्यावर बाईंनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, आता तुमच्या भाषेत ऐकू द्या. मी तयार नव्हते. पण म्हटलं. 'आमच्या घराण्यांनी त्यांना गुलामगिरीत ठेवलं.' त्या गर्दीत ते कळणारी माझ्या घरची दोनच माणसं होती, आणि म्हणताना मला जाणवलं की मराठीतही हे वाक्य पूर्ण खरं आहे, कुठे तरी आमच्या बटकी-कुणबिणींचीही अशी निनावी जागा असेल.

लोक कॉफीसाठी चर्चच्या हॉलकडे गेले. बाईंना मागे कुंपणापाशी जायचं होतं. मी त्यांना दंडाला धरून नेलं. लहानपणी त्या ज्या कुंपणाबाहेर उभ्या राहत त्याच्या आत आता आम्ही होतो. त्या एका अनघड दगडाजवळ सावकाश खाली बसल्या आणि त्यावर तळवा ठेवला. उन्हाने दगड तापला होता. कोणत्या रंगाचा आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, राखाडी, एका अंगाला शेवाळ, आणि पायाशी मुंग्यांची रांग. त्या म्हणाल्या, जरा थांबू. मीही त्यांच्या शेजारी गवतात बसले.